आंदणातली झोप

ज्यांना अंग टाकलं की झोप लागते त्यांनी हे वाचू नये. त्यांना ते खोटं वाटेल. माझ्या नवऱ्यालाही वाटायचं. हे मी आमच्या धाकट्या नातसुनेसाठी लिहिते, आणि तिच्यासारख्या आणखी कोणी असतील त्यांच्यासाठी. महिना झाला, ती रात्रभर कौलांकडे बघत पडते आणि सकाळी लाल डोळ्यांनी चूल पेटवते. विचारलं तर म्हणते, काही नाही. मीही सहा वर्षं तेच म्हणत होते.

मी माहेरी नंदुरबारला मराठी चौथीपर्यंत शिकले. औषधांची नावं मला लिहिता येणार नाहीत. जे झालं ते लिहिते.

*

माझं सासर तापीकाठी, सारंगखेड्यापासून दोन कोसांवर. घरात चौदा माणसं. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे, सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. थोरले दीर, थोरली जाऊ केसरबाई, तिची मुलं, आमचे हे, आणि बाकीचे. तेव्हा गावात पिठाची गिरणी नव्हती. बाजरीचं पीठ दोन दिवसांत कडू होतं, म्हणून रोजचं रोज दळायचं. ओसरीच्या कोपऱ्यात घट्या होता, म्हणजे जातं. आठ दिवस केसरबाईची पाळी, आठ दिवस माझी. कोंबडा आरवायच्या आधी उठायचं, कारण उजाडताना पुरुष मोटेवर जायचे आणि त्यांच्या फडक्यात भाकरी बांधलेली असायला हवी. घड्याळ कोणाकडे नव्हतं.

लग्न झालं तेव्हा मी पंधराची होते. पहिल्याच हिवाळ्यात सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा आली. आबा आणि थोरले दीर पहाटे गाडी जुंपून निघणार होते. पाळी माझी होती. मी झोपून राहिले. जागी झाले तेव्हा बैल गाडीला जुंपलेले होते आणि डब्यात चिमूटभर पीठ नव्हतं.

आमच्याकडे शेजारून विस्तव आणतात, ताक आणतात, कोणी काही म्हणत नाही. पीठ उसनं आणलं की मात्र सगळ्या गल्लीला कळतं की या घरातली सून झोपून राहिली. आत्या स्वतः सूप घेऊन समोरच्या भिकूबाईकडे गेल्या. भिकूबाईने पीठ दिलं आणि ते उसनं फेडायला मी गेले तेव्हा दारात चार बायका जमवून मला विचारलं,

"तुन्ही मायनी आंदणमा काय दिन्हं वं? झोप?"

बायका हसल्या. ते वर्षभर चाललं. विहिरीवर, नदीवर, लग्नाच्या मांडवात. आत्या मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

*

आजार एका दिवसात आला नाही. आधी मी दळायच्या पाळीत रात्री दोनदा उठून अंगणात जायची, आभाळ बघायची, परत पडायची. मग चारदा. मग केसरबाईची पाळी असली तरीही. अंग दमलेलं असायचं, डोळे मिटायचे, पण आतलं काहीतरी बसून राहायचं. दुसऱ्या वर्षी मला कळलं की मी रात्रभर पडून फक्त ऐकते. म्हैस उठली, कुत्रं हललं, आबा खोकले, कोंबड्याने पंख फडफडवले. कोंबडा आरवला की मला हायसं वाटायचं आणि मग उठायची वेळ झालेली असायची.

घराला हे सोयीचं पडलं. हळूहळू सगळ्यांनी माझ्यावर टाकलं. दीर सांगायचे, पाण्याची पाळी आहे, मला अमुक वेळेला उठव. आमचे हे सांगायचे. केसरबाई तर सांगायचीही नाही, तिच्या पाळीत मी तिच्या पायाला हात लावला की उठायची. पुढे ते गल्लीत गेलं. शेजारचा धुडकू कापसाची गाडी घेऊन जिनवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर जायचा. संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणायचा, "वहिनी, तू ते जागीच ऱ्हास. उद्या आम्हलेबी एक हाक मारजो." मी हाक मारायची. चार-पाच घरांच्या भिंतींवर थाप मारत जायची.

खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा गर्व वाटायचा. झोपाळू म्हणून नाव झालेली सून आता गल्ली उठवत होती. भिकूबाईलासुद्धा मी उठवलं आहे. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा त्या गर्वावरच मी उभी होते. अंगात दुसरं काही उरलं नव्हतं.

डोळ्यांत कायम मिरचीची धूळ गेल्यासारखं व्हायचं. भाजीत दोनदा मीठ पडायचं. विहिरीवर घागर भरून ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी आले, असं झालं. मुलगी झाली, मथुरा, तेव्हा तिला अंगावर पाजताना मी भिंतीला टेकायची आणि दूध लवकरच आटलं. माणसं बोलायची ते लांबून ऐकू यायचं. कोणी जोरात हसलं तर मला रडू यायचं, आणि कोणी मेलं तर काहीच यायचं नाही.

*

उपाय झाले. मीठ-मोहरी उतरवून झाली. तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासलं, पाय काळे झाले. म्हशीच्या दुधात जायफळ. गुळात पिंपळमूळ. डोंगरातून आलेल्या एका भगताने माझ्या केसांचं टोक कापून नेलं आणि आबांकडून कोंबडा घेतला. तोच आरवणारा कोंबडा. त्यामुळे लांबच्या घरातला कोंबडा ऐकायला मला आणखी जास्त जागावं लागलं.

सगळ्यांना मी बरी व्हायला हवी होते आणि कोणालाच नको होते. हे मी रागाने लिहीत नाही. केसरबाई एकदा लुगडं धुताना सहज बोलून गेली, "तुले झोप उनी ते आमले कोण उठाडी?" मग स्वतःच हसली. मीही हसले. दोघींना माहीत होतं की ती चेष्टा नाही.

तीच केसरबाई पुढे मला अफू द्यायला लागली. शेतात जाताना बायका तान्ह्या पोरांना चाटवतात तशी, फक्त थोडी मोठी, मुगाएवढी. तिला माझी दया आली होती. तिने दिली आणि मी घेतली. त्या गोळीने झोप आली नाही. रात्री मी तशीच ऐकत पडायची, फक्त कान जड व्हायचे. दिवसा मात्र ती डोक्यावर बसायची. ज्या कोणाला कोणी मायेने अशी गोळी देईल, तिने ती चुलीत टाकावी. मायेने दिलेली म्हणून ती कमी कडक होत नाही.

त्या दिवशी दुपारी मी भाकऱ्या करत होते. मथुरा दोन वर्षांची होती, माझ्या पाठीला धरून उभी होती. मी भाकर तव्यावर टाकली आणि तशीच बसल्या जागी झोपेत गेले. मुलगी पाठीमागून पुढे आली आणि तिने उजवा हात तव्यावर ठेवला.

मला तिच्या ओरडण्याने जाग आली नाही. हेच मला सांगायचं आहे. सहा वर्षं जी बाई म्हशीच्या उठण्याने उठत होती, तिला लेकीच्या ओरडण्याने जाग आली नाही. आत्यांनी येऊन तिला ओढली, मग मला हलवली.

*

संध्याकाळी ओसरीवर बैठक झाली. आबा म्हणाले, बाईचं डोकं फिरत चाललं आहे, तिला माहेरी ठेवा. बरी झाली तर आणू. पोर इथेच राहील, केसरबाईजवळ. आमचे हे खाली बघत बसले होते. मथुरा केसरबाईच्या मांडीवर होती, हाताला केळीचं पान बांधलेलं. गोळीचं केसरबाई बोलली नाही. मीही बोलले नाही, कारण त्या रात्रीपासून माझी मुलगी तिच्या कुशीत झोपणार होती आणि तिला दुखवून मला चाललं नसतं. आज लिहिते, कारण ती आता नाही आणि माझीही वेळ फार लांब नाही.

आत्या दाराच्या चौकटीशी बसल्या होत्या. त्या आबांसमोर सहसा बोलत नसत. त्या म्हणाल्या, "माहेरले धाडं ते लोके म्हणतीन, आंदण परत करं."

कोणी हसलं नाही. आत्या पुढे म्हणाल्या की नवापूरकडे मिशनचा दवाखाना आहे, धुडकूच्या बायकोचा पाय तिथे बरा झाला, तिथे नेऊन बघते. तिथून बरी झाली नाही तर मग तुम्ही म्हणता तसं. आबांनी विचारलं, नेणार कोण. त्या म्हणाल्या, मी.

म्हणजे मला एक संधी होती. झोप आली तर मुलगी, नाही आली तर माहेर.

*

बैलगाडीने दोंडाईचं, तिथून आगगाडी. नंदुरबार गेलं तेव्हा मी खिडकीतून बघितलं नाही.

दवाखाना लहान होता. आठ खाटा, पुढे पडवी, मागे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी छप्पर. आत्या तिथे तीन दगडांवर स्वयंपाक करायच्या. खिस्ती लोकांच्या हातचं पाणी त्या पीत नसत, नदीवरून स्वतः आणायच्या. डॉक्टरसाहेबांनी माझी छाती ठोकली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या आणि लोखंडासारखं लागणारं काळं औषध दिलं. अफूचं मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी मान हलवली. झोपेचं नर्सला बघायला सांगितलं.

नर्सचं नाव राहेलबाई. तिथल्याच डोंगरातल्या, शेतकऱ्याची लेक. घरची भाषा वेगळी असल्याने माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायच्या. मलाही शाळेतलं येत होतं. आत्यांना अर्धं कळायचं. राहेलबाईंनी नाडी वगैरे काही बघितली नाही. खाटेवर बसल्या आणि विचारलं, "रात्री पडल्यावर काय करता?"

"ऐकते."

"काय ऐकता?"

"कोंबडा."

"तो आरवला नाही तर?"

  मग मी त्यांना यात्रेची पहाट सांगितली, सूप सांगितलं, भिकूबाई सांगितली, हाका सांगितल्या. आत्या खाटेच्या पायाशी बसून ऐकत होत्या. राहेलबाई म्हणाल्या, "शेताच्या राखणदाराला माळ्यावर झोप लागेल का? तुम्ही सहा वर्षं माळ्यावर आहात. कोणी उतरवलंच नाही."

माझ्या आजाराचं निदान म्हणतात ते एवढंच झालं.

दवाखान्याचे दिवस ठरलेले होते. उजाडायच्या आत घंटा. घंटा म्हणजे चिंचेला टांगलेला रुळाचा तुकडा, पहारेकरी त्यावर हातोडी मारायचा. मग झाडलोट, औषध, पेज. दुपारी कोणाला झोपू देत नसत, मला तर मुळीच नाही. राहेलबाईंनी मला पट्ट्या गुंडाळायला बसवलं होतं. डोळे मिटले की त्या येऊन खांदा हलवायच्या. मला त्यांचा राग यायचा. संध्याकाळी लवकर जेवण, दिवा बारीक.

पहिल्या रात्री मी ऐकतच होते. सकाळी राहेलबाईंना विचारलं, इथे सगळ्यांना कोण उठवतं.

"घंटा."

"घंटा वाजवणाऱ्याला कोण उठवतं?"

त्या हसल्या. "ते तुमचं काम नाही."

दुसऱ्या रात्री झोप आली नाही तर खाटेवर तळमळत पडायचं नाही, उठून पडवीत बसायचं, असं त्यांनी सांगितलं होतं. मी बसले. तिसऱ्या रात्रीही बसले. शेजारच्या खाटेवरची बाई कण्हत होती आणि तिला उठून पाणी देणारं दुसरं कोणीतरी होतं. मी फक्त बसले होते. मथुराचा हात आठवत होता. मनात म्हटलं, झाली आपली संधी, आता माहेर.

पाचव्या की सहाव्या दिवशी, नक्की आठवत नाही, मला जाग आली तेव्हा ऊन माझ्या पायांवर होतं. घंटा होऊन गेली होती. मला ऐकूच आली नव्हती. मी धडपडून उठायला लागले. खाटेच्या पायाशी आत्या झाडू आडवा धरून बसल्या होत्या. झाडणाऱ्या बाईच्या हातातून त्यांनी तो काढून घेतला होता, आवाज नको म्हणून. पेज वाढायला आलेल्यालाही त्यांनी दारातून परत लावलं होतं. हे मला शेजारच्या बाईने सांगितलं. आत्या म्हणाल्या, पेज गार झाली, आणि उठून गेल्या.

निघताना राहेलबाईंनी आत्यांना बाजूला घेतलं. हळूहळू, सोपं करून सांगितलं की घरी हिला उठवणारं कोणीतरी लागेल. नुसतं मनात धरून चालायचं नाही, रोज रात्री तोंडाने सांगायचं की मी उठवते. आत्यांनी हो-नाही काही केलं नाही. मला वाटलं, त्यांना कळलं नाही.

*

आम्ही घरी आलो तर घराचं तोंड उतरलेलं. पंधरा दिवसांत दोनदा पाण्याची पाळी चुकली होती. धुडकूची गाडी जिनवर सगळ्यांच्या मागे लागली होती. केसरबाईने एकदा रात्री चांदणं बघून सकाळ समजून दळायला घेतलं आणि सगळ्या घराला उठवून बसवलं.

संध्याकाळी धुडकू ओट्यावर आला. आनंदाने आला. "उनी का वहिनी? बरं झायं. उद्या पहाटले एक हाक मारजो."

मी तोंड उघडायच्या आत ओसरीतून आत्या बोलल्या. "ती आते रातले निजस. तू कोंबडा पाळ."

रात्री मी अंथरूण घालत होते. मथुरा केसरबाईच्या खोलीत होती. आत्या दाराशी आल्या. आत आल्या नाहीत.

"नीज. घट्या आजपाईन मन्हा शे. तुले मी उठाडसू."

मला त्या रात्री झोप आली असं लिहिलं तर कथा चांगली होईल, पण आली नाही. मी ऐकत पडले. या वेळी ऐकत होते ते आत्या उठतात का नाही. त्या उठल्या. त्यांचे गुडघे वाजले, पाटी सरकली, पहिली मूठ पडली आणि घट्या फिरायला लागला. पन्नाशीच्या बाईच्या हाताने तो जड, अडखळत फिरत होता. तो आवाज माझ्या हातांशिवाय चालला होता. त्यातच मला झोप लागली. घटकाभर लागली असेल.

मग रोज पहाटे तेवढी लागायला लागली. पुढे मध्यरात्रीपासून. मध्येच आठ दिवस पुन्हा गेली. परत आली. ज्यांना वाटतं की एकदा आली म्हणजे सुटलो, त्यांनी तसं समजू नये. पण आत्या रोज रात्री दाराशी येऊन तेवढंच सांगायच्या. पाहुणे असले तरी, आजारी असल्या तरी, माझ्यावर चिडलेल्या असल्या तरी. चिडलेल्या असल्या की नुसतं "उठाडसू" म्हणायच्या.

होळीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चुलीपुढे बसवलं आणि मथुराला माझ्या शेजारी सोडलं. स्वतः दारात बसून तूर निवडत राहिल्या. मी वीस भाकऱ्या केल्या. रात्री त्यांनी केसरबाईला सांगितलं, पोर आजपासून आईजवळ झोपेल. केसरबाईने तिचं पांघरूण आणून दिलं. मथुरा थोडी रडली, तिला केसरबाईची सवय झाली होती. मी ते मनाला लावून घेतलं नाही. तिच्या तळहाताची कातडी ताणलेली होती, मूठ पुरती मिटत नव्हती. अजून मिटत नाही. ती लेकुरवाळी झाली, त्याच हाताने भाकरी थापते.

नातसुनेला मी काल विचारलं, रात्री तू काय ऐकतेस. ती गप्प बसली. पण तिने 'काही नाही' म्हटलं नाही. एवढं झालं तरी पुष्कळ झालं; आत्या असत्या तर म्हणाल्या असत्या, गंज झायं.

*

आत्या तीन वर्षं दळत होत्या. केसरबाईच्या पाळीत केसरबाई, माझ्या पाळीत त्या. मी दिवसा त्यांची दुसरी कामं करायची. गल्लीत बोलणं व्हायचं की सासू दळते आणि सून लोळते. त्यांनी कधी उत्तर दिलं नाही.

एका सकाळी मला जाग आली तेव्हा मथुराच्या तोंडावर ऊन आलं होतं. घर गप्प होतं. घट्यापाशी कोणी नव्हतं. आत्यांना काही झालं, असं वाटून मी धावत गेले. त्या त्यांच्या घोंगडीवर कुशीवर पडल्या होत्या, तोंड उघडं, मोठ्याने घोरत होत्या. मी दारात उभी राहून थोडा वेळ बघितलं. इतकी वर्षं त्या घरात होते, पण त्यांना झोपलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

डब्यात पीठ नव्हतं. गोठ्यात पुरुष उठल्याचे आवाज येत होते. मी आत्यांचं दार ओढून घेतलं, सूप उचललं आणि समोर भिकूबाईकडे गेले. ती अंगण सारवत होती. सूप बघितलं आणि कंबर सरळ करून उभी राहिली.

"आज कोण झोपी गयं?"

"मी," मी म्हटलं.

"इतलं वरीस झायं. तुन्ही आंदणनी झोप आजून सरनी नही का वं?"

"नही," मी म्हटलं आणि सूप तिच्यापुढे धरलं. "मन्ही मायनी गंज दिन्ही व्हती."